तोक्तोसुनची सून

चोलोक-सायच्या वाटेवरचे मिनीबसवाले साल्किनताईच्या, म्हणजे आमच्या साल्किन एजेच्या फाटकासमोर न सांगता गाडी उभी करतात. पूर्वी करत नसत. पूर्वी ती मागच्या सीटवरून ओरडायची, "अरे लेकरा, माझं घर मागं राहिलं!" आणि खरंच ते मागं राहिलेलं असायचं. मग दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती धापा टाकत परत यायची. एखादा नवा ड्रायव्हर वैतागून म्हणायचा, "एजे, आधी सांगायला काय होतं? 'तोक्तो' म्हटलं की झालं!" बाकीचे उतारू खिडकीकडे तोंड करून हसायचे.

तोक्तो म्हणजे थांब. आमच्याकडे मेंढराला, गाडीला, रडणाऱ्या पोराला आणि हातघाईवर आलेल्या नवराबायकोला हाच एक शब्द आहे. आणि साल्किनच्या सासऱ्याचं नाव होतं तोक्तोसुन. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईबापांनी हे नाव ठेवलं, की बाबा, हा तरी थांबो. तो थांबला. चांगला पांढरी दाढी छातीवर रुळेपर्यंत थांबला. पण सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, थोरल्या दिरांचं घ्यायचं नसतं, आणि नावात जो शब्द असेल तोही तोंडातून काढायचा नसतो. साल्किन एकोणिसाव्या वर्षी त्या घरात आली आणि पहिल्याच संध्याकाळी सासूनं तिला जवळ बसवून कोणते शब्द आता आपले नाहीत ते सांगितलं. त्यात 'थांब' होता.

एकदाच चुकली. लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात वासरू दावं तोडून रस्त्याकडे पळालं, समोरून ट्रक येत होता, आणि ही जिवाच्या आकांतानं ओरडली, "तोक्तो!" सासरा ओसरीत चहा पीत बसला होता. तो वाटी खाली ठेवून म्हणाला, "हा थांबलो बघ, सूनबाई. मी कुठं जात नाही. पण वासराचं काय?" वासरू वाचलं. सासू मात्र बरेच दिवस तिच्याशी बोलली नाही. तेव्हापासून साल्किनच्या तोंडी 'दम धर' बसलं. कुत्र्याला दम धर, उतू जाणाऱ्या दुधाला दम धर. सासरा गेला, सासू गेली, तरी दम धरच.

हे सगळं मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. नव्हतं. आम्ही नारीन शहरातली माणसं, आमचं पथक गावोगाव हिंडतं. आमचं नाटक जरा वेगळ्या जातीचं आहे. आम्ही एक अन्यायाची गोष्ट करून दाखवतो, ती वाईट ठिकाणी संपवतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. या वेळी बघणाऱ्यानं, जिथं त्याला वाटेल की इथं या माणसानं वेगळं वागायला हवं होतं, तिथं 'तोक्तो!' म्हणून ओरडायचं. नाटक थांबतं. ओरडणाऱ्यानं पुढे यायचं, त्या गांजलेल्या माणसाची जागा घ्यायची आणि करून दाखवायचं. आम्ही मात्र सहजासहजी ऐकत नाही. आम्ही म्हणजे मी. जिल्ह्याच्या नाट्यगृहात मी एकेकाळी राजे आणि सेनापती केले. आता खाष्ट सासरा, लाचखाऊ अधिकारी आणि मोठ्या आवाजाचा थोरला भाऊ, एवढंच माझ्या वाट्याला येतं. म्हाताऱ्या बायकांनी मला ओढणीनं झोडपलंय. एका गावात तर नाटक संपल्यावर मला चहासुद्धा दिला नाही.

त्या उन्हाळ्यातलं आमचं नाटक वर्षश्राद्धावर होतं. आश म्हणतात त्याला. माणूस जाऊन वर्ष झालं की अख्ख्या पंचक्रोशीला जेवण घालायचं, आणि त्यासाठी घोडा कापायचा. मेंढ्यांनी भागत नाही असं नाही, पण घोडा नसला की लोक घरी जाताना नाक मुरडतात. आमच्या गोष्टीत गुलबारा नावाची विधवा होती, तिचा थोरला दीर सारीबाय होता, आणि तिची एकुलती एक घोडी होती. सारीबाय ती घोडी कापायला लावतो आणि हिवाळ्यात गुलबाराच्या घरात खायला काही उरत नाही. सारीबाय अर्थातच मी.

चोलोक-सायला आम्ही शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या. व्हॉलीबॉलचं जाळं तसंच मागं राहिलं, तेच आमचं नेपथ्य. गाव चांगलं जमलं. पुढच्या रांगेत रुमाल बांधलेल्या बायका, त्यांच्या मधोमध साल्किन. तिचा नवरा सादिर मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी गेला होता आणि त्याचं वर्ष जवळ आलं होतं. तिच्याकडे एक घोडी होती आणि घोडीला शिंगरू होतं. घोडीचं दूध आंबवून त्याचं कुमीस ती रस्त्याच्या कडेला बाटल्यांतून विकायची, त्यावर घर चालायचं. आणि तिच्या थोरल्या दिरानं, ओरोझबायनं, गावात सांगून टाकलं होतं की माझ्या भावाच्या आशला घोडा कापला जाईल. ओरोझबायचा स्वतःचा घोडा म्हातारा झालेला, हाडं मोजून घ्यावीत असा. कापायचा कुठला घोडा, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना कळलं होतं. आम्ही हे जाणून नाटक आणलं नव्हतं. नाटक गाडीत होतं, गाव वाटेत लागलं. पण गावाला काही ते पटलं नाही. पहिल्या खेळात मी "घोडी सोडून आण" म्हणालो तेव्हा सगळ्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. तिथं पांढऱ्या लोकरी नमद्याची टोपी घालून ओरोझबाय बसला होता.

दुसरा खेळ सुरू झाला. आमची सूत्रधार मीरगुल, वयानं लहान, शिकलेली, जिभेनं तिखट. तिनं समजावून सांगितलं, कुठं शब्द टाकायचा, कसं पुढं यायचं. मी सुरू केलं. घोडी मागितली. शांतता. दोर हातात घेतला. शांतता. पुढच्या रांगेतल्या बायका अशा बसल्या होत्या जणू सगळ्यांचे दात एकदमच दुखतायत. मीरगुलनं खेळ मध्येच तोडला.

"बायांनो, घाबरताय कशाला? एकच शब्द आहे! आयुष्यात कधी म्हटला नसेल तर आज म्हणा. माझ्यामागून म्हणा, तो-क्तो!"

बायकांनी माना खाली घातल्या. एकीनं रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. मीरगुलला वाटलं, किती दबलेल्या आहेत बिचाऱ्या. ती आणखी जोरात ओरडली, "तोक्तो! तोक्तो!" तेव्हा मागून एक म्हातारा खो खो हसायला लागला आणि दुसऱ्या घराण्यातल्या एका आजीबाईनं हातातली काठी आपटली.

"ए पोरी! ही अख्खी रांग तोक्तोसुनच्या घरच्या सुनांची आहे. तू त्यांना चारचौघांत सासऱ्याचं नाव घ्यायला सांगतेयस. तुझ्या सासूनं तुला काही शिकवलंय का नाही?"

"मला सासू नाही, आजी," मीरगुल म्हणाली.

"दिसतंच आहे."

पटांगणात असा हशा उठला की विचारू नका. मीही हसलो, अन्यायी सारीबायच्या टोपीत उभा राहून हसलो. मीरगुल लाल झाली, पण पोरगी पडतं घेणारी नाही. तिनं विचारलं, "बरं, मग तुम्ही काय म्हणता? काहीतरी म्हणतच असाल ना?" एक म्हणाली 'दम धर', एक म्हणाली 'उभा राहा', तिसरी म्हणाली, आम्ही नुसतं डोळे वटारतो. या गोंधळात साल्किन काहीच न म्हणता उठली, चपला काढल्या आणि सरळ सतरंजीवर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. गुलबाराचं काम करणाऱ्या आमच्या मुलीनं डोक्यावरचा रुमाल काढून तिला दिला. साल्किननं तो आपल्या रुमालावरच बांधला.

ती घाबरली होती. ती काही माझ्याशी बोलायला आली नव्हती, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलायला आली होती. मी माझं काम करायला लागलो.

"घोडी कापायची, गुलबारा. लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते जेवून झाल्यावर म्हणतील," ती म्हणाली. "जेवताना तर सगळे गप्पच असतात."

लोक हसले. मी आवाज चढवला. "माझा भाऊ कुत्र्यासारखा मातीत घातला, असं म्हणतील!"

"दोन मेंढ्या आहेत. भाकरी आहे, कणकेचे बोर्सोक तळू. कुमीस भरपूर आहे."

"मेंढ्या! मेंढ्या तर पोराच्या बारशाला कापतात. घोडी सोड!"

खरं तर तिथं मी जरा नरम पडायला हवं होतं. पण मला नाटकाची चटक लागली, लोक रंगात आले होते. मी दोर झटकला आणि तिच्यावर ओरडलो. शेवटी ती एवढंच म्हणाली, "माझी घोडी... गुलबाराची घोडी, ती गेली तर मी काय करू?" आणि पुढं बोलणं थांबलं. तिला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं.

"तोक्तो!"

मागच्या रांगेतून आला आवाज. पुरुषाचा. ओरोझबाय उभा राहिला होता. बापाचं नाव त्याच्या तोंडी आलं तर कोण त्याला अडवणार?

तो लोकांतून वाट काढत पुढं आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "हे काय चाललंय? मांसाला हपापलेल्या लांडग्यासारखा ओरडतोयस. थोरला भाऊ असा असतो का? चल, उतर खाली."

मीरगुलनं घाईनं सांगितलं, की बाबा, नियम असा आहे की जिच्यावर अन्याय होतो तिचीच जागा घेता येते, अन्याय करणाऱ्याची नाही. ओरोझबायनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी टोपी काढली, दोर त्याच्या हातात दिला आणि सतरंजीवरून उतरलो. इतक्या वर्षांत इतक्या आनंदानं भूमिका सोडली नव्हती.

आता ते दोघं. ती थोरल्या दिराच्या तोंडाकडे बघत नाही, तोही तिच्याकडे बघत नाही, म्हणून दोघंही व्हॉलीबॉलच्या जाळ्याकडे बघत उभे राहिले. मग साल्किन म्हणाली, "ऐका, सारीबाय."

पुढच्या रांगेनं श्वास रोखला. नाटकातलं का होईना, पण नाव घेऊन हाक मारली होती तिनं. ओरोझबायचीही मान किंचित हलली. तीस वर्षांत त्याला ती 'मोठ्या घरचे' म्हणत आली होती.

"ऐका, सारीबाय. घोडी कशाला हवी ते मला सांगा. लोकांचं सांगू नका. तुमचं सांगा."

तो दोराला गाठ मारत राहिला, सोडत राहिला. मग म्हणाला, "मागच्या उन्हाळ्यात तो मला म्हणाला, छातीत दुखतंय. मी म्हटलं, गवत उरकू दे, मग डॉक्टरकडे जाऊ. गवत उरकलं."

एवढ्या लोकांनी सादिरला मातीत घातला होता, पण ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. साल्किनला होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. एकाच गावात राहून वर्षभर दोघांनी ती एकमेकांपासून लपवली होती.

"एक घोडा काय, कळप असता तर कळप कापला असता," तो म्हणाला. "नाही कापायचा, तर मग मी काय करू त्याच्यासाठी? ते सांग. मला दुसरं काही येत नाही."

मी बाजूला बसलो होतो. तो सारीबाय करत नव्हता हे मला कळत होतं, आणि मला त्याची दया आली, स्वतःचा रागही आला. कितीतरी गावांत मी हा थोरला भाऊ करत आलो, पण याचा धाकटा भाऊ मेलाय, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

साल्किननं रुमालानं डोळे पुसले. मग अगदी घरात बोलावं तशी बोलली.

"गवत कापा. वरच्या कुरणात या वर्षी कुणी पाय ठेवला नाही. तुम्ही नाही, मी पण नाही. मला तिकडं बघवत नाही. पण हिवाळ्यात घोडी काय खाणार? तो दरवर्षी कापायचा, आता तुम्ही कापा. आणि घोडा नसला म्हणून लाज वाटायची असेल तर ती मला वाटू दे. माझा नवरा होता."

ओरोझबायनं दोर सतरंजीवर ठेवला आणि आपल्या जागी जाऊन बसला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मीरगुलनं लोकांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, आणि मग जी जुंपली ती ऊन उतरेपर्यंत. मौलवी म्हणाले, घोडा कापाच असं कुठं लिहिलेलं नाही. एक दाढीवाला उखडला, "तुम्हाला बरं आत्ताच आठवलं! माझ्या बापाच्या आशला तर पहिला वाटा तुमच्या ताटात होता!" बायका आता भराभर बोलत होत्या. 'दम धर, माझं ऐक' असं म्हणत एकमेकींना अडवत होत्या. आमच्या पथकाचं काम झालं होतं.

गाडीत सामान भरताना ओरोझबाय दिसला. मी विचारलं, "दादा, मग काय ठरलं?"

"सारीबायनं ठरवलं असेल काहीतरी," तो म्हणाला. "त्याला विचार. मला कशाला विचारतोस?"

आता झाली ना पंचाईत. नाटकात दोर खाली ठेवला तो नाटकातल्या माणसानं की खऱ्या माणसानं, हे आमच्या नियमांत कुठंच नाही. साल्किनही त्याच प्रश्नात अडकली होती. दिराला जाऊन विचारणं शक्य नव्हतं. मी त्या रस्त्यानं जाताना तिच्याकडून कुमीस घ्यायला लागलो. पहिल्याच खेपेला ती मला म्हणाली, "तुम्ही लोक बोलायला लावता आणि निघून जाता. मागं राहायचं आम्हाला." मी दोन बाटल्या जास्त घेतल्या, पण ते काही उत्तर नव्हतं.

पुढचं तिनंच मला सांगितलं. एके दिवशी सकाळी ती घोडीचं दूध काढत होती, शिंगरू शेजारी बांधलेलं. फाटक वाजलं. ओरोझबाय आत आला आणि त्याच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. आशला अजून काही दिवस होते, पण कोण जाणे, आधीच घेऊन जायचं असेल, आपल्याकडे बांधून चारायची असेल. ती उठली नाही. तोंडावर आलेला शब्द गिळला आणि घोडीच्या पायाला दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. दूध सांडलं. तो अंगणातून आडवा चालत गेला, गोठ्याच्या भिंतीला टांगलेला सादिरचा मोठा विळा काढला, अंगठ्यानं धार बघितली आणि म्हणाला, "गंजलाय." आणि वरच्या कुरणाकडे निघून गेला. दोर गवताचे भारे बांधायला होता.

संध्याकाळपर्यंत तो कापत होता. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. ती बांधावर भाकरी आणि कुमीस ठेवून यायची, तो खायचा, भांडं पालथं घालून ठेवायचा. घोडीबद्दल चकार शब्द नाही. गवत तर झालं, पण गवत कापणारा माणूस घोडाही कापू शकतो, असं ती मला म्हणाली आणि कसनुशी हसली. आशच्या आदल्या रात्री तिला झोप नव्हती, हे मला न सांगताही कळलं असतं.

आशला मला बोलावलं होतं. मी गेलो तेव्हा अंगणात मोठाल्या कढया चुलीवर होत्या, बायका बोर्सोक तळत होत्या, मौलवींचं पठण चाललं होतं. साल्किन काळ्या कपड्यांत पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालत होती आणि जरा कुठं फाटक वाजलं की तिकडं बघत होती. कढयांत काय शिजतंय ते मला वासावरून कळेना. ओरोझबाय बाह्या दुमडून मांस कापत बसला होता, कोपरापर्यंत तेलकट.

पंक्ती बसल्या. ताटं आली. मेंढीचं मांस होतं. पलीकडच्या गावचा एक जाडजूड पाहुणा, हातात हाडूक धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "काय ओरोझबाय, सख्ख्या भावाचा आश आणि घोडा नाही? तोक्तोसुनच्या घरात असं कधी झालं नव्हतं."

साल्किनच्या हातातली किटली तशीच राहिली. लाज मला वाटू दे, म्हणाली होती ती, आणि आता ती वेळ आली होती. तिनं तोंड उघडलं. पण त्याआधी ओरोझबाय उठला, सुरी कापडाला पुसली आणि कुंपणापलीकडे दाखवली. तिथं गवताच्या उंच गंजीशेजारी घोडी उभी होती आणि शिंगरू तिला ढुशा देत होतं.

"घोडी आहे की. ती बघ," तो म्हणाला. "तिला कापली नाही, तिच्यासाठी कापलं."

पाहुण्याला काही कळलं नाही. गावातल्या प्रत्येकाला कळलं. साल्किननं किटली पुढं केली आणि त्या पाहुण्याच्या हातांवर पाणी घातलं.